नुसती रेकॉर्डिंग पाहून जागतिक सार्वजनिक आरोग्य शिकता येतं का?

छेदावर_बोट
परवा 'वेगमर्यादा' यांनी लिहिलं, "ऑनलाइन सार्वजनिक आरोग्य शिकताना दहा देशांच्या विद्यार्थ्यांबरोबरचा गटप्रकल्प म्हणजे वेळेचा नास. रेकॉर्डिंग दीडपट वेगाने पाहा, परीक्षा द्या, मोकळे व्हा." हे वाचून गप्प बसवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

रेकॉर्डिंगमध्ये सूत्र मिळतं. आकडा कुठून आला ते मिळत नाही. मातामृत्यू गुणोत्तर सगळ्यांना पाठ असतं: गरोदरपणात किंवा ते संपल्यावर 42 दिवसांत झालेले मृत्यू, अपघाती किंवा गरोदरपणाशी संबंध नसलेले वगळून, छेदात एक लाख जिवंत जन्म. गटात प्रत्येक जण आपल्या देशाचा आकडा आणतो तेव्हा दिसतं की एकाचा नागरी नोंदणीतला आहे, दुसऱ्याचा रुग्णालयांच्या नोंदींचा, तिसऱ्याचा सर्वेक्षणात "तुमच्या बहिणी हयात आहेत का" असं विचारून काढलेला. रुग्णालयाच्या आकड्यात घरची बाळंतपणं अंशातही नाहीत आणि छेदातही नाहीत. असे आकडे एकाच स्तंभालेखात शेजारी उभे केले की तुलना खोटी ठरते. हे कळायला समोर तो माणूस लागतो, ज्याला तिथली नोंद कोण आणि कुठे करतो ते माहीत आहे.

वेगमर्यादा
हे सगळं लेखी देता येतं. जपानचा ढोबळ मृत्युदर (वय न पाहता दर हजार लोकांमागे मृत्यू) कतारपेक्षा कितीतरी जास्त का, हे वयोगटांचा तक्ता घेऊन बसलं की एकट्यालाही तासाभरात उमगतं. त्यासाठी गटाचं 14:00 यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळेचं) सत्र कशाला? तेव्हा लिमात सकाळचे 9, नैरोबीत संध्याकाळचे 5 आणि मनिलात रात्रीचे 10. दोन तासांचं सत्र मनिलाचा माणूस मध्यरात्री संपवतो. त्यात मार्चमध्ये अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ उन्हाळ्यासाठी एक तास पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे निम्मा गट चुकीच्या वेळी हजर. आणि गट जमला तरी विश्लेषण होतच नाही, सगळा वेळ एकमेकांच्या फाइली जुळवण्यात जातो.

कोरी_चौकट
फाइली जुळवणं हेच काम आहे, वेगमर्यादा. 03/04/2021 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च? वर्षातले 132 दिवस असे उलटसुलट वाचता येतात. अमेरिकी मांडणीच्या एक्सेलमध्ये 13/04/2021 मजकूर म्हणून डावीकडे चिकटतो, 03/04/2021 मात्र बिनबोभाट 4 मार्च होतो. बाळाची जन्मतारीख अशी पालटली की वय साडेदहा महिन्यांपर्यंत चुकतं, वयानुसार उंचीचा झेड स्कोअर (त्या वयाच्या प्रमाण उंचीपासून बाळ किती दूर आहे ते) चुकतो आणि खुजेपणाचं, म्हणजे वयाच्या मानाने फार बुटक्या बाळांचं, प्रमाणही.

दशांशाचं त्याहून वाईट. युरोपातल्या बऱ्याच देशांत 11.8 ला 11,8 लिहितात, म्हणून तिकडच्या सीएसव्हीत (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलीत) रकाने अर्धविरामाने तोडलेले असतात. कुणीतरी सगळे अर्धविराम बदलून स्वल्पविराम करतो. मग 11,8 चे दोन रकाने होतात, आणि त्या ओळीतलं पुढचं सगळं एक घर सरकतं. दंडघेर, म्हणजे बाळाच्या दंडाचा घेर, 11.8 सेंमी म्हणजे मध्यम कुपोषण. उरलेला 11 म्हणजे 11.5 च्या खाली, तीव्र. बाळ तेच.

वेगमर्यादा
हा संगणकाचा तास झाला, आरोग्याचा नाही. तारखेला दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने ठेवा, प्रश्न मिटला.

तेरावा_महिना
नाही मिटत! इथिओपियाच्या वर्षात 13 महिने असतात, शेवटचा 5 किंवा 6 दिवसांचा. तिथल्या सर्वेक्षणाच्या फाइलीत महिना 13 दिसला की सफाई करणारा ती ओळ चूक म्हणून उडवतो. नेपाळच्या फाइलीत 2078 सालचा वैशाख असतो, म्हणजे 2021 चा एप्रिल-मे. गटात त्या देशाचा एक जण असला तर हे पाच मिनिटांत कळतं. एकट्याने रेकॉर्डिंग पाहणारा खरी बाळं पुसून टाकतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. याला "संगणकाचा तास" म्हणणं मला सहन होत नाही.

कोरी_चौकट
म्हणून आधी संकेतसूची, मग विश्लेषण: प्रत्येक रकान्याचं नाव, एकक, पंचांग, आणि "माहिती नाही" याचा आकडा. तो 999 असेल आणि कुणी सांगितलं नसेल, तर 200 बाळांत दोनच 999 पुरतात: बाकीच्यांची दंडघेराची सरासरी 140 मिमी असताना एकूण 148.6 येते. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, प्रतीवर काम. कुठल्याही 20 ओळी दुसऱ्या देशाच्या सदस्याने मुळाशी ताडून पाहायच्या.

वेगमर्यादा
पंचांगाचं मान्य. ते मला रेकॉर्डिंगमध्ये मिळालं नसतं. पण त्यासाठी प्रत्यक्ष सत्र लागतं हे अजूनही मान्य नाही. संकेतसूचीवर लेखी शेरे मारून हेच होतं, आणि मनिलाचा माणूस वेळेवर झोपतो.

छेदावर_बोट
लेखी शेरे चालतील, पण "ही नोंद कोण करतं" हा प्रश्न आपल्या देशाच्या आकड्याबद्दल लेखी कुणी स्वतःहून उपस्थित करत नाही. सत्रं आळीपाळीने 14:00 आणि 06:00 यूटीसीला ठेवा.

वेगमर्यादा
06:00 ला लिमात रात्रीचा 1 वाजतो.

छेदावर_बोट
हो. मनिलाने आज जागायचं, पुढच्या वेळी लिमाने. आणि वेळापत्रकात वेळ फक्त यूटीसीत लिहायची, म्हणजे मार्चमध्येही ती हलत नाही.