डोळा खरवडून तपासायला नातेवाइकांनी 'नाही' म्हणावं का?

स्नेहलतागंजकर

काकांची शेती सांवेरच्या पुढे आहे. गेल्या काढणीत थ्रेशरपाशी उभे असताना सोयाबीनचं कुटार उजव्या डोळ्यात उडालं. शेजारच्या एका म्हातारीने जिभेने कचरा काढून दिला. गावाकडे ही रीत अजून आहे. दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याने ड्रॉप दिला आणि दोन दिवस खरंच बरं वाटलं, लाली उतरली. त्यात स्टेरॉइड होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तेव्हा इंदूरला आणलं. डॉक्टर म्हणाले, "बुबुळावर जखम चिघळली आहे. कडेचं थोडं खरवडून काचेवर घेऊ. बुरशी आहे की जिवाणू, ते कळल्याशिवाय औषध ठरवता येत नाही." काकू तिथेच रडायला लागली. आणि मी, घरातला शिकलेला, बँकेत नोकरी करणारा, मीच म्हणालो, "डोळ्याला पातं लावू देणार नाही. ड्रॉप लिहून द्या." सही केली नाही.

चार दिवसांनी परत नेलं तेव्हा ठिपक्याची कवडी झाली होती. तेव्हा खरवडलं, बुरशी निघाली. नाटामायसिन, म्हणजे बुरशीवरचे थेंब, दर तासाला, रात्रीसुद्धा घड्याळ लावून घातले. आज त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो.

आपण मोतीबिंदूला डोळा कापू देतो, आत भिंग बसवू देतो. तिथे घाबरत नाही, कारण गल्लीतल्या दहा जणांनी ते करून घेतलेलं असतं. खरवडून तपासणी झालेला माणूस मात्र आपल्या ओळखीत नसतो, म्हणून पात्याचं नाव काढताच घर एक होऊन 'नाही' म्हणतं. माझं मत स्पष्ट आहे: शेतातलं काही लागून डोळ्यात पांढरं दिसलं, तर नवा ड्रॉप सुरू होण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे, आणि ती अडवायचा हक्क आपण नातेवाइकांनी स्वतःकडे घेऊ नये.

टिळकनगरची ताई

भाऊ, तुमच्या काकांचं वाचून वाईट वाटलं. तरीही मी विरोधात लिहिते आहे.

माझ्या आईचं वय 74. तिच्या डोळ्याची हीच तपासणी झाली. तिला घेऊन गेलो, तर कोणी काही सांगितलंच नाही. "हात धरा, डोकं हलू देऊ नका" एवढंच. आई थरथरत होती. सहा दिवसांनी रिपोर्ट आला की खरवडून घेतलेल्या नमुन्यात ना बुरशी ना जिवाणू, काहीच उगवलं नाही. आणि औषध? जे आधी चालू होतं तेच पुढे. मग तिला तो त्रास कशासाठी दिला? त्यानंतर ती डोळ्याच्या दवाखान्याची पायरी चढायला तयार नाही. दुसरा डोळा लाल झाला तेव्हा तिने आम्हाला आठवडाभर सांगितलं नव्हतं. तुमची तपासणी कागदावर बरोबर असेल. माणूस घाबरून दवाखाना सोडतो, तो हिशेब कुठे धरता?

आणि 'नातेवाइकांना हक्क नाही' हे वाक्य मला मुळीच पटलं नाही. माझी आई मला विचारूनच सही करते.

मध्यप्रदेशी

आमच्या आजीने गुलाबजल आणि मधावर सगळ्यांचे डोळे सांभाळले. कोणाला पातं लागलं नाही.

स्नेहलतागंजकर

दादा, साध्या लालीला ते चाललं असेल, ती आपोआपही जाते. कुटार घुसलेल्या बुबुळावर मध घालू नका, हात जोडून सांगतो.

काचपट्टी

पंधरा वर्षं सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, म्हणून नेमकं काय होतं ते सांगते.

आधी बधिर करणारा थेंब घालतात. अर्ध्या-एक मिनिटात बुबुळाला स्पर्श कळेनासा होतो. मग पेशंटला स्लिट लॅम्पपुढे, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रापुढे बसवून पात्याने किंवा बोथट चमच्यासारख्या हत्याराने जखमेच्या तळाचं आणि कडेचं अगदी थोडं काढतात, भाताच्या शितापेक्षाही कमी. त्यातलं काही काचपट्टीवर घेऊन 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो. पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशीचे धागे तसेच राहतात. ते त्याच दिवशी, कित्येकदा पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतानाच दिसतात. उरलेलं वाढवायला ठेवतो. जिवाणू एक-दोन दिवसांत उगवतात, बुरशीला आठवडा किंवा जास्तही लागतो.

ताई, तुमच्या आईचं का उगवलं नाही ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण आधी अँटिबायोटिक ड्रॉप पडलेले असले की उगवण्याची शक्यता कमी होते, हे आम्ही रोज बघतो. आणि खरवडण्याचा उपयोग रिपोर्टपुरता नसतो. नाटामायसिन बुबुळाच्या वरच्या थरातून आत फारसं शिरत नाही, तो थर निघाला की औषधाला वाट मिळते.

आईला आधी काही सांगितलं नाही, त्याला मात्र काही सबब नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

देपालपूरवाला

सगळे शहरातून लिहीत आहात. काढणीत थ्रेशर भाड्याचा असतो, मजूर उभे असतात. डोळ्यात गेलं म्हणून इंदूरला कोण निघेल? मेडिकलवाला कोपऱ्यावर असतो.

तपासणीवर भांडण्यापेक्षा नेपाळात भक्तपूरला काय केलं ते बघा. गावातल्याच स्वयंसेवकांना बुबुळावरचा ओरखडा ओळखायला शिकवलं आणि क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचं मलम हातात दिलं, दिवसातून तीनदा, तीन दिवस. 442 ओरखड्यांवर असे उपचार केले. त्यातले बहुतेक भरून आले, आणि 18 तासांच्या आत मलम मिळालेल्या एकाचाही डोळा चिघळला नाही. 2001 साली ते छापून आलं आहे. आठव्या दिवशीच्या पात्यापेक्षा पहिल्या संध्याकाळचं मलम मोलाचं. ते आमच्या गावात द्या, तुमची तपासणी कमी जणांना लागेल.

निवृत्त नेत्रतज्ज्ञ, महू

देपालपूरच्या भावाचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. फक्त तो चिघळण्याआधीचा आहे. पांढरं दिसल्यावर ते मलम पुरत नाही, आणि स्टेरॉइड तर बुरशीला खतपाणी घालतं.

धागा सुरू करणाऱ्यांचाही एक शब्द मला खटकतो, 'झालीच पाहिजे'. जखम लहान असेल, बुबुळाच्या मधोमध नसेल, वरवरची असेल, तर आम्ही कित्येकदा न खरवडता अँटिबायोटिक देतो आणि दोन दिवसांत पुन्हा बघतो. मोठी, मधोमध, खोल किंवा झाडापाल्याने झालेली असेल तर मात्र थांबत नाही.

"डॉक्टरांना नुसतं बघून कळत नाही का?" असं मला आयुष्यभर विचारलं गेलं. नाही कळत. बुबुळाच्या तज्ज्ञांना फोटो दाखवून बुरशी की जिवाणू ते ओळखायला लावलं, 2012 सालचा अभ्यास आहे, तर सुमारे 66 टक्के वेळा बरोबर आलं. म्हणजे तीनांत एक चूक. आणि मदुराईच्या 1997 सालच्या नोंदीत ज्यांचं काही उगवलं, त्यांच्यात बुरशी आणि जिवाणू जवळजवळ निम्मे-निम्मे होते. जिवाणूचं औषध बुरशीला लागू पडत नाही, बुरशीचं जिवाणूला नाही. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या आतल्या लोकांच्या अंधत्वात बुबुळावरचं फूल, म्हणजे कायमचा पांढरा डाग, हेच पहिलं कारण निघालं, 37.5 टक्के. ही कमावती माणसं आहेत हो.

स्नेहलतागंजकर

डॉक्टरसाहेब, 'झालीच पाहिजे' मागे घेतो. डॉक्टर सांगतील तेव्हा अडवू नये, एवढंच म्हणतो. ताई, हक्काबद्दलही तुमचं खरं. सही मला विचारून व्हायला हरकत नव्हती. पण त्या दिवशी काकांना कोणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही. ते बाकावर डोळा झाकून बसले होते आणि बोलत आम्हीच होतो. देपालपूरच्या भावाचा मुद्दाही मान्य, पण मलम चुकलेला माणूस तरी दारात येणारच ना? त्याला परत घरी न्यायचं का?

टिळकनगरची ताई

घरी न्यायचं नाही. पण माझी अट कायम आहे. आधी बसवून सांगा, मग थेंब घाला. आणि ती काचपट्टी आम्हालाही दाखवा. काचपट्टीताई, ते धागे साध्या माणसाला ओळखू येतात का?

काचपट्टी

येतात. बारीक, फांद्या फुटलेल्या काड्यांसारखे. दाखवायला मला कोणी कधी सांगितलं नव्हतं, पण सूक्ष्मदर्शक तिथेच असतो. उद्यापासून मी विचारीन.