मेंदूचे स्कॅन वेबवर न टाकणारे 'भित्रे'? मग ऐकाच

खडूस_पोस्टडॉक:
काल इथे कुणीतरी ठणकावलं, "एमआरआयचा विदा खुला न करणारे संशोधक भित्रे." बरं. चाळीस जणांचे स्कॅन मी बिड्सच्या, म्हणजे फाइलींची नावं-मांडणी ठरवून देणाऱ्या सामायिक साच्यात बसवलेत. चार महिने गेले. आधीच्या विद्यार्थ्याचे फोल्डर 'नवा', 'नवा२', 'सरांना दाखवलेला'. कोणता स्कॅन कुणाचा, ते वहीत पेन्सिलीने. त्या चार महिन्यांचा सीव्हीवर मागमूस नाही. दळायचं आम्ही, पोळ्या लाटायला जग मोकळं.

अर्धवट_न्यूरॉन:
घर आवरायचा कंटाळा, म्हणून पाहुणे दारातूनच कटवायचे! 2000 साली अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात मेंदूशास्त्रज्ञ गझानिगांनी लेखकांकडे पेपरसोबत स्कॅन मागितले, तेव्हाही हीच रड. स्कॅनची आकडेमोड तपासणाऱ्या एक्लुंडचा 2016 चा पेपर वाचलात ना? 499 निरोगी माणसांचे खुले स्कॅन एसपीएम, एफएसएल, आफ्नी या नेहमीच्या सॉफ्टवेअरांतून काढले. काही नसताना 'सापडलं' म्हणणारे खोटे निकाल 5 टक्के असायला हवेत, निघाले काही ठिकाणी 70 पर्यंत. स्कॅन कुणाच्या कपाटात असते तर?

बाराखडी:
मुद्दा राहू द्या, ते 'विदा' आवरा. कुणीतरी सासरी निघालंय असं वाटतं.

खडूस_पोस्टडॉक:
मराठीत शब्द आहे, वापरतो. त्रास काय?

बाराखडी:
'विदा टाकला' की 'टाकली'? तुम्हालाच ठरवता येत नाही. सरळ डेटा म्हणा.

कावळा७:
अहो, थट्टा नको, माझ्या आईने अशाच एका अभ्यासात स्कॅन दिला होता. संमतीपत्रावर 'डेटा शेअर करण्यास हरकत नाही'. आईने विचारलं, "शेअर? यात पैसे बुडाले तर?" सही मात्र केली. 2019 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या लोकांनी एमआरआयवरून चेहरे उभे केले. सॉफ्टवेअरने 84 पैकी 70 जण फोटोवरून बरोबर ओळखले. आता भित्रं कोण?

बाराखडी:
बघा! शब्द कळला असता तर आईंनी दहा प्रश्न विचारले असते.

खडूस_पोस्टडॉक:
'विदा' लिहिलं असतं तर कळलं असतं?

बाराखडी:
नसतं. 'तुमच्या डोक्याची चित्रं जगात कुणालाही बघता येतील' असं लिहायचं. जीभ झडते का?

अर्धवट_न्यूरॉन:
म्हणूनच तर चेहरा पुसून टाकतात. पायडीफेस हे चेहरा पुसणारं सॉफ्टवेअर रात्रभर लावा, सकाळी काम तयार.

खडूस_पोस्टडॉक:
तयार! कधी कधी ते कपाळाबरोबर मेंदूचा पुढचा तुकडाही नेतं. एकेक स्कॅन डोळ्यांनी तपासलाय कधी? नाही ना? मग रात्रभर-सकाळी सांगू नका.

अर्धवट_न्यूरॉन:
नाही तपासला. ठीक. पण एक्लुंडबद्दल गप्प का?

खडूस_पोस्टडॉक:
एक्लुंड मान्य, झालं समाधान? पुढचे चाळीस टाकतो. पेन्सिलीची वही पाठवू का तुम्हाला?