डार्क शॅडोज: १२२५ भाग, सुरुवात कुठून करावी?

सांजवात

‘डार्क शॅडोज’ बघायला घ्यायची आहे. एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ ते २ एप्रिल १९७१ या काळात दुपारी लागणारी अमेरिकी मालिका. मेन राज्यातलं कॉलिन्सपोर्ट नावाचं काल्पनिक बंदर, टेकडीवरचा कॉलिनवूड वाडा, त्यातलं कॉलिन्स घराणं आणि त्यांचा व्हॅम्पायर पूर्वज बार्नबस. एकूण भाग १२२५, प्रत्येक साधारण २२ मिनिटांचा, म्हणजे जवळपास ४५० तास. बंद होऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी चाहते तिला सोडायला तयार नाहीत, त्यामुळे अर्धवट बघायची नाही असं ठरवलं आहे.

अडचणी अशा. ‘सीझन १’ म्हणून जे मिळतं त्यात सुरुवातीलाच शवपेटी उघडते आणि आधीचं काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. भागांचे क्रमांक १२४५ पर्यंत जातात, मग २० भाग हरवलेत का? रंगीत भागांमध्ये मधेच एखादा कृष्णधवल का येतो? आणि मालिका गुंडाळली गेली, तर शेवट लटकत राहतो का? कथानक फुटलं तरी हरकत नाही.

जुना_अँटेना

आधी क्रमांकांचं बघू, कारण तिथे नवे प्रेक्षक हमखास गोंधळतात.

मालिका सोमवार ते शुक्रवार लागायची. शुक्रवारच्या भागाचा क्रमांक ५ किंवा ० ने संपावा अशी निर्मात्यांची पद्धत होती. बातम्या, सुट्टी किंवा दुसऱ्या कार्यक्रमामुळे एखाद्या दिवशी भाग लागला नाही, तर तो क्रमांक सरळ सोडून द्यायचे. असे २० क्रमांक सोडले गेले. म्हणून शेवटचा क्रमांक १२४५ आणि प्रत्यक्ष भाग १२२५. ते २० भाग कधी बनलेच नव्हते, तेव्हा शोधत बसू नका.

याचा एक फायदा आहे. शेवटच्या आकड्यावरून बहुतेक वेळा वार कळतो (१ किंवा ६ असेल तर सोमवार, २ किंवा ७ असेल तर मंगळवार, असं पुढे) आणि क्रमांकाला ५ ने भागलं की आठवडा मिळतो. भाग ३६५ म्हणजे ७३ व्या आठवड्याचा शुक्रवार, १७ नोव्हेंबर १९६७. यादीतली तारीख संशयास्पद वाटली की असा ताळा करून बघा.

खरोखर हरवलेला भाग एकच, १२१९. त्याचं चित्र उरलेलं नाही. घरी टेपरेकॉर्डरवर केलेलं ध्वनिमुद्रण एका चाहत्याकडे होतं, त्यावर स्थिरचित्रं लावून तो भाग उभा केला आहे. त्या काळच्या दुपारच्या मालिकांच्या टेपा सर्रास पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. इथे एक भाग सोडून सगळं शाबूत आहे, आणि चाहत्यांचं प्रेम टिकण्यामागे हे फार मोठं कारण आहे. पुन्हा बघायलाच मिळालं नसतं तर नुसत्या आठवणींवर किती दिवस निघाले असते?

कृष्णधवलबद्दल: २९४ पर्यंतचे भाग मुळातच कृष्णधवल आहेत. रंग आला तो २९५ पासून, ११ ऑगस्ट १९६७ ला. त्यानंतरच्या काही भागांची रंगीत टेप उरली नाही, उरली ती किनिस्कोप प्रत, म्हणजे पडद्यावर चालू असलेलं चित्र फिल्मवर टिपून केलेली नक्कल. ती कृष्णधवल आणि जरा धूसर असते. तुमच्या टीव्हीत दोष नाही.

कंदील

‘सीझन १’ २१० पासून सुरू होतो, कारण व्हिडिओ कॅसेट आणि नंतर डीव्हीडी काढताना बार्नबसच्या आगमनापासूनच सुरुवात केली होती. पहिले २०९ भाग नंतर ‘द बिगिनिंग’ या वेगळ्या नावाने आले. ते त्याच नावाने शोधा, मूळ नावाखाली सापडत नाहीत.

माझं मत: २१० पासूनच सुरू करा. भुरटा विली लूमिस कॉलिन्सांच्या कबरीत दागिने शोधायला जातो, पेटीच्या साखळ्या तोडतो आणि आतून हात बाहेर येतो. २११ मध्ये बार्नबस कॉलिनवूडच्या दारात उभा राहतो आणि ‘मी इंग्लंडहून आलेला तुमचा चुलतभाऊ’ अशी ओळख करून देतो. हे एप्रिल १९६७ मधलं. मालिका तेव्हा बंद पडायच्या बेतात होती आणि बार्नबस करणाऱ्या जोनाथन फ्रिडला थोड्या आठवड्यांसाठीच घेतलं होतं. तो शेवटपर्यंत राहिला.

पुढचे टप्पे:

२६५ ला डॉ. ज्युलिया हॉफमन (ग्रेसन हॉल) येते. ती बार्नबसला बरं करू पाहते, त्याच्या प्रेमात पडते आणि त्याच्यासाठी खोटं बोलत राहते. ही जोडी जमेपर्यंत धीर सोडू नका.

३६५ मध्ये घरात प्लँचेट बसतं आणि घरातली शिक्षिका व्हिक्टोरिया विंटर्स थेट १७९५ मध्ये जाऊन पडते. तिथून ४६१ पर्यंतचे भाग एकही न गाळता बघा, जेमतेम ३५ तास होतात. तेच नट आता पूर्वजांच्या भूमिकांत दिसतात. अँजेलिक (लारा पार्कर) बार्नबसला शाप का देते, त्याची प्रेयसी जोझेट विडोज हिलच्या कड्यावरून उडी का मारते, सगळं इथे डोळ्यांसमोर घडतं. शेवट काय होणार हे आपल्याला आधीपासून माहीत असतं, तरी प्रत्येक भागाला जीव खालीवर होतो. चार महिने चालू काळातली गोष्ट थांबवून सगळी मालिका भूतकाळात नेणं हे रोजच्या मालिकेत भलतंच धाडस होतं. एक लक्षात ठेवा: जोझेटच्या मृत्यूचं जे साल आधीच्या भागांत ऐकू येतं ते १७९५ शी जुळत नाही. लेखकांनी ते मागाहून बदललं, तेव्हा आधीचं विसरा.

४६१ नंतर १९६८ मध्ये परत आल्यावर ‘ड्रीम कर्स’ लागतो. एकच स्वप्न एकाकडून दुसऱ्याकडे जातं आणि दर वेळी जवळजवळ पूर्ण दाखवतात. बरेच जण इथेच मालिका सोडतात. स्वप्न पहिल्यांदा आणि शेवटी बघा, मधली भरभर पुढे पळवा. मात्र अख्खा भाग गाळू नका, कारण त्याच भागांत कृत्रिम माणूस अॅडमचं कथानक चालू असतं.

७०१ ते ८८४ हे १८९७ सालचं कथानक. डेव्हिड सेल्बीचा क्वेंटिन, मॅग्डा, काउंट पेटोफी. भाग जवळपास १८०, वेग जबरदस्त, विनोदही भरपूर. ‘क्वेंटिन्स थीम’ ही रॉबर्ट कोबर्टची धून १९६९ मध्ये अमेरिकी गाण्यांच्या यादीत पहिल्या वीसात गेली होती.

८८५ पासूनचं लेव्हायथन प्रकरण ढिलं आहे. त्यानंतरच्या समांतर काळाच्या (त्याच वाड्याचं वेगळंच जग दाखवणाऱ्या) कथेत बार्नबस बराच काळ साखळीबंद पेटीत पडून असतो, कारण फ्रिड तेव्हा ‘हाउस ऑफ डार्क शॅडोज’ या १९७० च्या चित्रपटाच्या चित्रीकरणात होता. हे माहीत असलं की त्या आठवड्यांत चिडचिड होत नाही.

पडवी

कंदील, टप्प्यांशी सहमत, पण २१० पासून सुरुवात करण्याशी नाही.

१७९५ चा सगळा परिणाम व्हिक्टोरियावर उभा आहे. आईवडिलांचा पत्ता नसलेली ही मुलगी घरातल्या लहान डेव्हिडला शिकवायला इथे येते, आणि २०९ भाग आपण तिच्याच नजरेने हे घर ओळखत जातो. ते वगळले तर ३६५ ला प्रवासाला निघालेली ती कुणीतरी परकी वाटते. सगळे २०९ जमत नसतील तर पहिला आठवडा (१ ते ५), मग ७० आणि आसपासचे भाग, आणि १२६ ते १९१ मधली डेव्हिडच्या आईची, लॉराची कथा बघा. ७० मध्ये जोझेटचं भूत तिच्या तसबिरीतून उतरतं आणि जुन्या घराच्या खांबांमधून फिरतं. भूत डोळ्यांना दिसतं ते इथे पहिल्यांदा. संवाद नाही, फक्त कोबर्टचं संगीत. पुढे शेकडो भाग जोझेटचं नाव निघालं की हेच चित्र डोळ्यांसमोर येतं.

दुसरं, चुका. बूम माइक चौकटीत येतो, सावली भिंतीवर पडते, दार उघडत नाही, नट वाक्य विसरतो. कारण असं की व्हिडिओ टेप जोडायची तर ती प्रत्यक्ष कापावी लागायची आणि ते महाग पडायचं. म्हणून भाग जवळजवळ सलग टिपायचे, संगीतसुद्धा चित्रीकरण चालू असतानाच वाजवायचे. मोठाच घोळ झाला तरच पुन्हा. फ्रिड रंगभूमीवरचा नट, त्याला रोजचं पाठांतर जड जायचं. त्याची नजर टेलिप्रॉम्प्टर (संवाद दाखवणारा पडदा) शोधते, आणि तीच अस्वस्थता दीडशेहून जास्त वर्षं पेटीत काढलेल्या माणसाला शोभून दिसते. चाहते या चुकांवर प्रेम करतात ते त्यामुळे. समोरची माणसं त्या क्षणी खरोखर काहीतरी सावरत असतात.

सांजवात

दोघांचेही आभार. ‘द बिगिनिंग’ सापडलं. पात्रं हलली की कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात आणि चेहरे रुंद वाटतात, त्याला उपाय? आणि शेवटाचं राहिलं.

जुना_अँटेना

रेघा इंटरलेसिंगच्या आहेत, म्हणजे चित्राच्या ओळी एकाआड एक दोन खेपांत दाखवायच्या जुन्या पद्धतीच्या. व्हीएलसी प्लेयरच्या व्हिडिओ मेनूमध्ये डीइंटरलेस ‘ऑन’ करा आणि मोड ‘याडिफ’ निवडा. चेहरे रुंद दिसतात कारण टीव्ही ४:३ चित्र ताणतो. अॅस्पेक्ट रेशो ४:३ करा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. ‘झूम’ नको, त्यात कपाळं कापली जातात.

२०१२ मध्ये निघालेला शवपेटीच्या आकाराचा संच (१३१ डिस्क) किंवा सुटे डीव्हीडी मागवणार असाल तर पाकिटावरचा रीजन कोड (डिस्क कुठल्या प्रदेशातल्या प्लेयरवर चालेल त्याचा आकडा) बघून घ्या. भारतात विकलेले प्लेयर रीजन ५ चे, अमेरिकेतले रीजन १ चे. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन साधारण पाचच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो.

कंदील

शेवट लटकत नाही, पण अपेक्षेपेक्षा वेगळा आहे.

बार्नबसची गोष्ट ११९८ ला संपते, १८४० च्या कथानकात. अँजेलिकवर आपलं प्रेम आहे हे त्याला कळतं आणि तेव्हाच तिला गोळी लागते. बार्नबससाठी बघत असाल तर मनाने निरोप इथेच घ्या. ११९९ ते १२४५ हा १८४१ चा समांतर काळ, त्यात फ्रिड ब्रॅमवेल नावाचं दुसरंच पात्र करतो. शेवटच्या भागात मानेवर चाव्याच्या खुणा असलेली मुलगी सापडते, आणि मग मालिकेतला नट थेयर डेव्हिड याच्या आवाजातलं निवेदन सांगतं की तो व्हॅम्पायर नव्हता, पुढे सगळं सुरळीत झालं. धागे हाताने बांधून दिले आहेत.

बंद होण्याचं कारण: १९७० पासून प्रेक्षक घटत गेले, आणि जे उरले त्यांत शाळेतून धावत घरी येणारी मुलं जास्त होती. दुपारच्या जाहिरातदारांना हव्या होत्या घरसामान घेणाऱ्या बायका. पुढच्या सोमवारी त्या वेळेत ‘पासवर्ड’ हा खेळ सुरू झाला.

पडवी

पुढचं चाहत्यांनी चालवलं. १९८३ पासून डार्क शॅडोज फेस्टिव्हल भरू लागला, नट मंडळी तिथे येत राहिली. १९९२ मध्ये सुरू झालेल्या साय-फाय चॅनलने भाग पुन्हा दाखवले आणि नवी पिढी जोडली गेली. २००६ पासून बिग फिनिश या ब्रिटिश कंपनीने मूळ नटांना घेऊन श्राव्य नाटकं काढली. १२४५ नंतर रिकामं वाटलं तर तिकडे वळा. बेन क्रॉस बार्नबस झालेली १९९१ ची नवी मालिका १२ भागांत बंद झाली आणि ती मात्र खरंच अर्ध्यावर सुटते, म्हणून ती शेवटी ठेवा. टिम बर्टनच्या २०१२ च्या चित्रपटात मेजवानीच्या प्रसंगी फ्रिड, लारा पार्कर, डेव्हिड सेल्बी आणि कॅथरिन ली स्कॉट पाहुणे म्हणून क्षणभर दिसतात. फ्रिड त्याच वर्षी एप्रिलमध्ये, चित्रपट लागायच्या आधी गेला. मालिका झाल्यावर तो प्रसंग बघितलात तर चारही चेहरे लगेच ओळखू येतील.