मदत हवी आहे: श्रद्धा नसताना वारीचं समाधान कुठे शोधायचं?

मंडळी, देव आहे की नाही हा वाद नकोय. प्रश्न वेगळा आहे.

मी नास्तिक, आई माळकरी. बाबा गेल्यावर तिला तिच्या भजनी मंडळाने उभं केलं. रोज कोणीतरी घरी, संध्याकाळी हरिपाठ, आषाढात दिंडी. मला मात्र "काही लागलं तर सांग" एवढे मेसेज आले. मग वाटू लागलं, तिचं आयुष्य माझ्यापेक्षा भरलेलं आहे का?

प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार अमेरिकेत धार्मिक कार्यात नियमित सहभागी होणाऱ्यांपैकी ३६ टक्के लोक स्वतःला 'खूप आनंदी' म्हणतात, कोणताच धर्म न मानणाऱ्यांपैकी २५ टक्के. पण नावाला धर्म असून तिकडे न फिरकणारेही २५ टक्केच! शिवाय फारसा धार्मिक नसलेला फिनलंड २०१८ पासून वर्षानुवर्षं आनंदाच्या जागतिक यादीत पहिला. म्हणजे कमाल विठ्ठलाची की दिंडीची? माझा संशय दिंडीवर. (आईला सांगू नका.)

श्रद्धा नसताना दुःख, आजारपण, एकटेपण तुम्ही कोणाच्या आधाराने काढलंत? ट्रेकिंगचा ग्रुप, वाचनालय, अंनिसचं काम, काहीही सांगा, पण ते अडचणीत टिकलं का तेही सांगा.

आणि विश्वास नसताना आळंदी ते पंढरपूर चाललेलं कोणी आहे का? परकं वाटलं? आई पुढच्या वर्षी "चल" म्हणतेय. श्रद्धावंतांनीही जरूर लिहा, फक्त "अनुभव घ्या, मग कळेल" एवढं सोडून.