तान्हेले, तहानलेले आणि जिवाची तहान

दादरहून प्रश्न

एका चर्चचं मराठी पत्रक तपासायला आलंय. मी ख्रिस्ती नाही, मुद्रितं तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यात मत्तयकृत शुभवर्तमानातलं (5:6) वाक्य आहे: 'जे नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले ते धन्य, कारण ते तृप्त होतील.' 'तान्हेले' वाचून माझ्या डोळ्यांपुढे तान्ही बाळंच आली. छपाईची चूक आहे का? शिवाय वर मथळा आहे 'आत्म्याची भूक व तहान'. तो कानाला खटकतो, पण का ते सांगता येत नाही.

वसईहून

चूक नाही हो ताई. संस्कृत तृष्णा, प्राकृत तण्हा, मराठी तहान. त्या तहानेने व्याकूळ तो तान्हेला. जुन्या मराठीतलं रूप आहे. बोलण्यात 'तहानलेला' आला आणि हा मागे पडला, पण बायबलाच्या भाषांतरात टिकून राहिला. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात निम्मी पोरं अजून तुमच्यासारखीच बाळं समजतात. बदलू नका एवढीच विनंती, लोकांना तोंडपाठ आहे ते.

गिरगावातून

मथळा खटकतो याचं कारण गीतेत आहे. 'न चैनं क्लेदयन्त्यापो न शोषयति मारुतः': आत्म्याला पाणी भिजवत नाही, वारा सुकवत नाही. जे सुकतच नाही त्याला तहान कुठून लागणार? मराठी माणसाने गीता वाचलेली असो वा नसो, 'आत्मा' म्हटलं की काहीतरी अलिप्त, कोरडं न पडणारं त्याच्या मनात येतं.

आता मूळ हिब्रू बघा. बायबलाच्या जुन्या करारातल्या स्तोत्र 42 मध्ये पाण्यासाठी व्याकूळ झालेली हरिणी आहे आणि लगेच पुढे देवासाठी तहानलेला 'नेफेश' आहे. या शब्दाचे अर्थ प्राण, जीव आणि घसासुद्धा! म्हणजे तहान नुसती उपमा म्हणून वरून चिकटवलेली नाही, ती शब्दातच आहे. मराठी बायबलात तिथे 'जीव' आहे, आणि याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. जीव कासावीस होतो, जीव तळमळतो, घोटभर पाणी पोटात गेलं की जिवात जीव येतो. आत्म्याचं यातलं काहीच होत नाही.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. ग्रीकमध्ये वधस्तंभावरचा येशू एकच शब्द बोलतो, 'दिप्सो' (योहान 19:28). तिथे तहान ही कर्त्याची क्रिया आहे. मराठीत 'मला तहान लागली आहे' म्हणावं लागतं. आपल्याकडे तहान कोणी करत नाही, ती लागते. भूक लागते, आग लागते, वेड लागतं, ओढ लागते, आस लागते. देवाची ओढ आणि पोटाची भूक एकाच क्रियापदाने येतात, ही सोय मराठीत आधीपासूनच आहे. 'भेटीलागीं जीवा लागलीसे आस' म्हणणारे तुकोबा त्याच अभंगात 'तुका म्हणे मज लागलीसे भूक' म्हणतात. भूक कसली, तर श्रीमुख बघण्याची. 'आध्यात्मिक' असं विशेषण लावायची त्यांना गरज पडली नाही.

एक गंमत मात्र आहे. आपण 'तहानभूक विसरून' म्हणतो, म्हणजे ध्यास लागला की तहानभूक सुटते. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात, म्हणजे तुमचं वाक्य जिथलं आहे तिथे, उलटं आहे, तिथे ध्यासच तहानभूक झालाय.

पुन्हा वसईहून

'तृप्त होतील' बद्दल राहिलं. ग्रीक क्रियापद 'खोर्तोस' म्हणजे गवत, वैरण यावरून आलंय; मूळ अर्थ गुरांना पोटभर चारणं. पाच हजारांना भाकरी वाटल्या तिथेही तेच क्रियापद आहे. 'तृप्त' जरा सोवळं वाटतं, खरा अर्थ ढेकर येईपर्यंत. आणि दुसरा शुभवर्तमानकार लूक (6:21) तर 'नीतिमत्त्वाचे' हा शब्दच घालत नाही, नुसतं 'आता भुकेले आहात ते' म्हणतो. तिथे पोटाची भूक आहे, तिला अलंकार करून टाकू नये.

चेंबूरहून

जय भीम. वर तण्हा आली म्हणून लिहितो. पालीत तोच शब्द आहे आणि तिथे तण्हा दुःखाचं मूळ, ती विझवायची. शेजारच्या चर्चच्या फलकावर 'तान्हेले ते धन्य' वाचून मी चक्क थांबलो होतो. नंतर कळलं की फरक कशाची तहान यात आहे. न्यायाची तहान म्हणत असाल तर आमचं भांडण नाही.

गोराईहून

मी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातली. 'जिवंत पाणी' कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. योहान 4 मधली शोमरोनी बाई येशूला विचारते, विहीर खोल, काढायला तुझ्याजवळ काही नाही, मग जिवंत पाणी आणणार कुठून? त्या लोकांत जिवंत पाणी म्हणजे वाहतं, झऱ्याचं पाणी. साठवलेलं नव्हे. आपल्याकडे विहीर खणताना 'जिवंत झरा लागला' म्हणतात ना, तेच! जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याने (2:13) म्हटलंय की लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि फुटके हौद खणले. गच्चीवरची टाकी गळते तेव्हा मला हेच आठवतं. आमच्या लग्नात आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात, नळाचं चालत नाही.

दादरहून

सगळ्यांचे आभार. 'तान्हेले' ठेवलं. मथळा 'जिवाची भूक, जिवाची तहान' करून पाठवला, तर तिकडून फोन: 'आत्मा काढलात तर धार्मिक वाटत नाही हो.'

गिरगावातून

त्यांचंच स्तोत्र 42 उघडून दाखवा.

दादरहून

दाखवलं. मथळा मान्य झाला. आता पुढच्या पानावर 'भाकर' की 'पाव' यावर अडलंय.