मदत हवी आहे: गालाच्या आतल्या पेशी डोळ्यावर लावण्याबद्दल

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही डोळ्यांत चुन्याची पुडी फुटून चुना उडाला. बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशीच (बुबुळावरचा थर सतत नव्याने बनवणाऱ्या) जळाल्या. आता पांढरट पडदा आणि वर चढलेल्या लाल शिरा. खिडकी उघडली की डोळे घट्ट मिटतो. नुसतं नेत्रदानातलं बुबुळ टिकणार नाही म्हणतात. एक डोळा चांगला असता तर त्यातल्या पेशी घेता आल्या असत्या.

गालाच्या आतल्या अस्तराचा छोटा तुकडा घेऊन, पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा पातळ थर डोळ्यावर लावतात. जपानी डॉक्टरांनी २००४ साली याचे निकाल प्रसिद्ध केले, २०२१ मध्ये तिथे मान्यताही मिळाली. भारतात कुणी हे करून घेतलंय का? खर्च किती आला, नजर किती परतली? भाऊ तंबाखू खायचा, त्यामुळे अडचण येईल का? कृपया सांगा.