मदत हवी आहे : बुक्स्टेहूडच्या सहाव्या कँटाटासाठी वाद्ये कोणती घ्यावीत?

आम्ही पाच गायक सतराव्या शतकातील संगीतकार डीट्रिख बुक्स्टेहूड यांची १६८० सालची ‘मेंब्रा येझू नोस्त्री’ ही सात कँटाटांची (वाद्यांच्या साथीने गायच्या रचनांची) लॅटिन मालिका बसवत आहोत. क्रूसावरील येशूच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत एकेका अवयवाला उद्देशून रचलेल्या या संगीतात दोन सोप्रानो, अल्टो, टेनर व बास असे (सर्वांत उंच पट्टीपासून खर्जापर्यंत) पाचच आवाज असल्याने प्रत्येक आवाजाला एकच गायक ठेवला आहे. दोन व्हायोलिन, चेलो आणि छोटा ऑर्गन यांचीही सोय झाली आहे.

अडचण आहे ती हृदयाला उद्देशून असलेल्या सहाव्या कँटाटाची. तेथे व्हायोलिन बाजूला ठेवून पाच व्हिओला दा गाम्बा (गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची जुनी तंतुवाद्ये) योजल्या आहेत आणि गातात ते फक्त दोन सोप्रानो व बास. इतके गाम्बावादक आम्हाला मिळणे अशक्यच. दोन व्हायोलिन, दोन व्हिओला आणि चेलो घेतल्यास ‘वुल्नेरास्ती कोर मेउम’ (तू माझे हृदय घायाळ केलेस) या शब्दांभोवतीचा दबका, घनगंभीर नाद कितपत टिकेल? की गाम्बांचे सर्व स्वर ऑर्गनवरच वाजवावेत? (मला ते कोरडे वाटते.)

शिवाय दुसऱ्या कँटाटाच्या आरंभी ‘इन ट्रेमुलो’ (कंपित स्वरात) अशी सूचना आहे. ते स्वर एकाच गजात हलकेच कंपित करावेत की सुटे सुटे वाजवावेत, हेही अनुभवी वादकांनी कृपया कळवावे.